शेकापचा वर्धापनदिन: मैदान भरतं, मान्यता कुठे अडते?

बावटा:

दर २ ऑगस्टला शेतकरी कामगार पक्षाचा वर्धापनदिन साजरा होतो. २०२५ साली ७८वा झाला, पनवेलला. राज ठाकरे पाहुणे होते, म्हणून वाहिन्यांनीही दखल घेतली. एरवी या पक्षाची बातमी रायगड आणि सांगोल्याच्या बाहेर फारशी जात नाही.

भाषणांत नावं तीच असतात: केशवराव जेधे, शंकरराव मोरे, नाना पाटील, तुळशीदास जाधव, उद्धवराव पाटील, एन. डी. पाटील, दि. बा. पाटील, गणपतराव देशमुख. यादी अशी की दुसऱ्या कुठल्याही प्रादेशिक पक्षाने हेवा करावा. पण विधानसभेचे आकडे समोर ठेवले की वेगळंच दिसतं. १९५७ ला ३१, १९६२ ला १५, १९६७ ला १९, १९७२ ला ७, १९७८ ला १३, १९९० ला ८, १९९९ ला ५, २००४ ला २, २००९ ला ४, २०१४ ला ३, आणि २०१९ व २०२४ ला प्रत्येकी १. मध्येमध्ये उसळी आहे, पण घसरण थांबलेली नाही.

'नेते गेले, कार्यकर्ते फुटले' हे उत्तर मला पुरत नाही. नेते सगळ्याच पक्षांचे जातात. जाणकारांनी चार गोष्टी सांगाव्यात:

१) स्थापना १९४७ ची धरायची की १९४८ ची? दोन्ही साल छापलेली दिसतात.
२) निवडणूक आयोगाची राज्यस्तरीय पक्ष म्हणून गेलेली मान्यता परत हवी असेल तर नेमका हिशेब काय? शेकापसारख्या दोन-तीन पट्ट्यांतल्या पक्षाला तो जमण्यासारखा आहे का?
३) मान्यता नसल्याने निवडणुकीत प्रत्यक्ष काय अडतं? फक्त पक्षाच्या जुन्या खटारा चिन्हाचा प्रश्न आहे की आणखी काही?
४) रायगडसारखा बालेकिल्ला कशाने ढासळला?

तत्त्वज्ञानावर भांडण नको. पक्षाचा मार्क्सवादी दाभाडी प्रबंध बरोबर की चूक यावर सत्तर वर्षं वाद झालेत, आणखी एकाने फरक पडणार नाही.

---

माणदेशी:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. १९४७ च्या ऑगस्टमध्ये आळंदीच्या बैठकीत जी मंडळी जमली ती तेव्हा काँग्रेसमध्येच होती. काँग्रेसच्या आत राहून शेतकरी-कामगारांचा दबावगट चालवायचा असा बेत होता. १९४८ मध्ये पक्षाच्या आत दुसरा पक्ष चालणार नाही असं काँग्रेसने ठरवलं आणि मग हे लोक बाहेर पडले. म्हणजे जन्म १९४७ चा, वेगळं बिऱ्हाड १९४८ चं. पक्ष स्वतः १९४७ धरतो, म्हणून २०२५ ला ७८वा.

दाभाडी तुम्ही टाळायला सांगितलंत, पण तो वाद नुसता तात्त्विक नव्हता, संघटनेवर त्याचे परिणाम झाले. १९५० च्या प्रबंधाने पक्षाने मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला. त्यानंतर एकीकडून दत्ता देशमुख आणि नवजीवन संघटनेची मंडळी बाहेर पडली आणि कामगार किसान पक्ष झाला, दुसरीकडून १९५४ मध्ये जेधे आणि मोरे काँग्रेसमध्ये परतले. चार वर्षांत डावं टोकही गेलं आणि बहुजन समाजाचे मोठे चेहरेही गेले. तरीसुद्धा १९५७ ला ३१ जागा आल्या, कारण संयुक्त महाराष्ट्र समिती. त्या ३१ जागा ३९६ जणांच्या द्विभाषिक मुंबई राज्याच्या सभागृहातल्या आहेत आणि लाटेतल्या आहेत. पक्षाची स्वतःची ताकद मोजायची तर १९६२ चे १५ हाच पाया धरावा. घसरण ३१ पासून मोजली की चित्र आहे त्याहून भयंकर दिसतं.

१९६२ च्या त्या पंधरा आमदारांवर कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते झाले. सभागृह २६४ चं, म्हणजे दहा टक्केसुद्धा नाहीत. हल्ली विरोधी पक्षनेतेपदासाठी दहा टक्क्यांचा दाखला देतात त्यांनी हे आठवावं.

त्यानंतर गळती लागली ती निवडणुकीतून कमी आणि संस्थांतून जास्त. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, सहकारी साखर कारखाने वाढले. ज्या थरातून शेकापला कार्यकर्ता मिळायचा, म्हणजे मध्यम शेतकरी, शिकलेला, गावात वजन असलेला, त्याला काँग्रेसकडे कारखान्याचं संचालकपद, परिषदेची समिती, बँकेची खुर्ची मिळू लागली. यशवंतरावांचं बेरजेचं राजकारण म्हणतात ते हेच. शेकापकडे देण्यासारखं होतं फक्त आंदोलन. जिथे पक्षाने स्वतःची संस्था उभी केली तिथे तो टिकला. सांगोल्यात सूतगिरणी, अलिबागेत जिल्हा बँक आणि 'कृषीवल' दैनिक. विदर्भात आणि मराठवाड्यात तसं काही उभं राहिलं नाही. १९५२ ला हैदराबाद विधानसभेत पक्षाचे १० आमदार होते, हे आज मराठवाड्यातल्या कितीजणांना माहीत आहे?

---

आकडेमोड:

दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. नियम आहेत निवडणूक चिन्हे (आरक्षण व वाटप) आदेश, १९६८ मध्ये. परिच्छेद ६अ मधल्या पाच अटींपैकी कोणतीही एक पुरी केली की त्या राज्यात राज्यस्तरीय पक्ष म्हणून मान्यता मिळते. महाराष्ट्रापुरता हिशेब असा:

क) विधानसभेत एकूण वैध मतांपैकी ६ टक्के, अधिक २ आमदार.
ख) लोकसभेत राज्यातल्या वैध मतांपैकी ६ टक्के, अधिक १ खासदार.
ग) विधानसभेच्या ३ टक्के जागा किंवा ३ जागा, यांतलं जे जास्त ते. २८८ चे ३ टक्के ८.६४, अर्ध्यावरचा अपूर्णांक पूर्ण धरतात, म्हणून ९.
घ) लोकसभेच्या दर २५ जागांमागे (किंवा त्याच्या भागामागे) १ खासदार. ४८ जागा, म्हणजे २.
ङ) जागा एकही न येता ८ टक्के मतं. ही अट २०११ मध्ये वाढवली.

आता मतांचा रस्ता बघा. २०२४ च्या विधानसभेला साधारण ६.४ कोटी मतं पडली. ६ टक्के म्हणजे ३८ लाखांवर. एका मतदारसंघात सरासरी सव्वादोन लाख मतदान. समजा शेकापने १५ जागा लढवल्या आणि प्रत्येक ठिकाणी ३५ टक्के मतं घेतली, तरी बेरीज होते साडेअकरा-बारा लाख. राज्याच्या पावणेदोन-दोन टक्के. म्हणजे पंधराच्या पंधरा ठिकाणी जोरदार लढत देऊनही सहा टक्क्यांच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच. २०१४ ला ३ आमदार आले तेव्हा मतं सुमारे १ टक्का होती.

थोडक्यात, पट्ट्यात एकवटलेल्या पक्षाला क, ख आणि ङ बंद आहेत. उरतात ९ आमदार किंवा २ खासदार. मनसेचं उदाहरण घ्या. २००९ ला ५.७१ टक्के मतं, सहाला थोडी कमी. पण १३ आमदार आले, आणि नऊची अट त्याने पुरी झाली. मतं विखुरलेली की एकवटलेली यावर कोणता दरवाजा उघडतो ते ठरतं.

शेकापचे नऊ मोजून बघा: अलिबाग, पेण, उरण, पनवेल, सांगोला, लोहा. सहा झाले, आणि हे सहाही एकाच वेळी कधी आलेले नाहीत. २००९ चे चार म्हणजे यातले अलिबाग, पेण, उरण आणि सांगोला. सातवा, आठवा, नववा कुठला हे वर्धापनदिनाच्या कुठल्याच भाषणात कोणी सांगत नाही.

विधान परिषदेचंही तेच. जुलै २०२४ ला ११ जागांसाठी २७४ आमदार मतदार होते. जिंकायला लागणारा मतांचा कोटा काढायची रीत: प्रत्येक मताचं मूल्य १००, म्हणून २७४०० भागिले १२, अधिक १. उत्तर २२८४, म्हणजे व्यवहारात २३ मतं. स्वतःचा एक आमदार आणि बाकीची बावीस उसनी. शेकापच्या जयंत पाटलांना पहिल्या पसंतीची १२ मिळाली आणि ते पडले. 'दगा झाला' म्हणणाऱ्यांनी आधी हा भागाकार मांडावा. बावीस मतं दुसऱ्यांच्या खिशात असताना उभं राहणं हीच जोखीम होती.

---

फॉर्मभरणी:

तिसऱ्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो, कारण पक्षांच्या बैठकांत याच गोष्टीला सगळ्यात कमी वेळ मिळतो.

नोंदणी आणि मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी. नोंदणी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ खाली होते. मान्यता चिन्हांच्या आदेशाखाली, आणि ती मतांवर-जागांवर. शेकाप नोंदणीकृत आहे, मान्यताप्राप्त नाही. त्याने प्रत्यक्षात काय बदलतं:

सूचक, म्हणजे अर्जावर उमेदवाराचं नाव सुचवणारा मतदार. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, इतरांना दहा लागतात. दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक बिनचूक हवा. सूचक अंगठा लावणारा असेल तर तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा नेमलेल्या अधिकाऱ्यासमोरच लावावा लागतो, घरी लावून आणलेला चालत नाही. दहातला एक सूचक शेजारच्या मतदारसंघाचा निघाला की तो अर्जाचा संच गेला. म्हणून नेहमी दोन-तीन संच वेगवेगळ्या सूचकांचे भरावेत. चारपर्यंत मुभा आहे, अनामत एकदाच: विधानसभेला १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००.

चिन्ह. इथे खरी मेख आहे. मान्यता गेल्यावर परिच्छेद १०अ खाली सहा वर्षांपर्यंत जुनं चिन्ह सवलतीने मागता येतं. ती मुदत संपली की पक्षाचा चिन्हावर हक्क राहत नाही. मग परिच्छेद १०ब. मुक्त, म्हणजे कुठल्याही पक्षाला राखून न ठेवलेल्या, चिन्हांच्या यादीतून आपल्या सगळ्या उमेदवारांसाठी एक समान चिन्ह मागायचं. अर्ज सभागृहाची मुदत संपण्याआधीच्या सहा महिन्यांच्या खिडकीत करायचा, पसंतीक्रमाने चिन्हं द्यायची. आणि अट अशी की विधानसभेच्या किमान ५ टक्के जागा लढवायच्या. २८८ चे ५ टक्के १४.४, सुरक्षित हिशेब १५.

आता आघाडीचं गणित याशेजारी ठेवा. मोठे पक्ष शेकापला देणार तीन-चार, फार तर पाच जागा. समान चिन्हाला हव्यात पंधरा. म्हणजे समान चिन्ह हवं तर आघाडीतल्या मित्रांविरुद्ध दहा जागी उभं राहायचं, आणि मैत्री हवी तर चिन्हाचा भरवसा सोडायचा. माझ्या मते शेकापच्या सध्याच्या कोंडीचं मूळ हे आहे, आणि त्याला फितुरी जबाबदार नाही, नियमच जबाबदार आहे.

समान चिन्ह मिळालं तरी एक खोच राहते. जिथे त्या पक्षाचा उमेदवार नाही, तिथे तेच चिन्ह मुक्त असतं आणि कुणा अपक्षाला किंवा दुसऱ्या छोट्या पक्षाला मिळू शकतं. शेजारच्या मतदारसंघात तेच चिन्ह दुसऱ्याच्या गळ्यात दिसतं आणि बाजाराच्या दिवशी गोंधळ उडतो.

मतपत्रिकेवरची जागा. नावांचे तीन गट असतात: आधी मान्यताप्राप्त, मग नोंदणीकृत पण अमान्यताप्राप्त, मग अपक्ष. गटाच्या आत वर्णानुक्रम. शेकापचा उमेदवार कितीही तगडा असो, नाव दुसऱ्या गटात, बसपा-मनसे असतील तर त्यांच्याही खाली. प्रचारात 'यंत्रावर अमुक क्रमांक' हे माघारीनंतर अंतिम यादी आल्याशिवाय छापू नये. आधी छापलेली पत्रकं रद्दीत जातात, आणि खर्च मात्र हिशेबात धरावाच लागतो.

नामसाधर्म्य. छोट्या पक्षाला याचा फटका जास्त, कारण चिन्ह लोकांच्या अंगवळणी पडलेलं नसतं. रायगड लोकसभेला २०१४ ला अनंत गीते आणि सुनील तटकरे यांच्यात फरक २,११० मतांचा, आणि तटकऱ्यांच्या नावाच्या अपक्षाने नऊ हजारांवर मतं घेतली. २०१५ पासून उमेदवाराचा फोटो आला, त्याने थोडं सावरलं. फोटो देताना तीन महिन्यांच्या आतला, समोरून काढलेला द्या. तरुणपणीचा देणारे महाभाग अजून आहेत.

बीएलए. मतदारयादीच्या कामासाठी बूथ लेव्हल एजंट नेमण्याची सोय मान्यताप्राप्त पक्षांना आहे. यादीची मोफत प्रतही त्यांनाच. अमान्यताप्राप्त पक्षाने यादी विकत घ्यायची आणि कार्यकर्त्याने साधा नागरिक म्हणून नमुना ६, ७, ८ भरून घ्यायचे. मतदानाच्या दिवशीचा प्रतिनिधी (नमुना १०) मात्र कोणत्याही उमेदवाराला नेमता येतो.

तारांकित (स्टार) प्रचारक. मान्यताप्राप्तांना ४०, इतरांना २०. अधिसूचनेपासून ७ दिवसांत यादी द्यायची. उशीर झाला की नेत्याच्या प्रवासाचा खर्च थेट उमेदवाराच्या ४० लाखांच्या मर्यादेत.

गुन्ह्यांची माहिती. प्रलंबित गुन्हे असलेला उमेदवार का निवडला, याची कारणं पक्षाने निवडीपासून ४८ तासांत प्रसिद्ध करायची (सी-७), ७२ तासांत आयोगाला अहवाल. आंदोलनांतून आलेल्या पक्षात जमावबंदी मोडल्याचे, रस्ता रोकोचे गुन्हे असणारच. ते लपवायचं कारण नाही, पण शपथपत्रात (नमुना २६) एकही रकाना रिकामा ठेवू नये. 'निरंक' किंवा 'लागू नाही' लिहावं.

---

अष्टागर:

चौथा प्रश्न माझा.

रायगडातली पक्षाची मुळं पक्षापेक्षा जुनी आहेत. १९३३ ते १९३९ चरीच्या शेतकऱ्यांचा संप, नारायण नागू पाटलांचं नेतृत्व, खोतांविरुद्ध सहा वर्षं जमिनी न कसण्याचा निर्धार. पक्ष आला तेव्हा इथे तयार संघटना होती. पनवेल-उरणात दुसरा थर चढला दि. बा. पाटलांमुळे. जानेवारी १९८४ चं नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींवरून झालेलं जासईचं आंदोलन, पाच हुतात्मे, आणि पुढे प्रकल्पग्रस्तांना घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना. कुळांचा प्रश्न आणि प्रकल्पग्रस्तांचा प्रश्न अशा दोन पायांवर पक्ष उभा होता. दोन्ही प्रश्नांत पक्षाला यश आलं, आणि तिथेच अडचण सुरू झाली. ज्याला भूखंड मिळाला त्याचा पुढचा प्रश्न वाढीव बांधकाम, करार, विकसकाशी व्यवहार. त्यात सत्तेतला आमदार जास्त कामाचा.

पण सगळं समाजशास्त्रावर ढकलू नका. २००८ च्या पुनर्रचनेकडे फार कमी लोक बघतात. त्याआधी कुलाबा (रायगड जिल्ह्याचं जुनं नाव) लोकसभा मतदारसंघ होता. दि. बा. १९७७ आणि १९८४ ला तिथून निवडून आले, रामशेठ ठाकूर १९९८ आणि १९९९ ला शेकापकडून. पुनर्रचनेत कुलाबा गेला. अलिबाग, पेण, श्रीवर्धन, महाड यांना रत्नागिरीतले दापोली आणि गुहागर जोडून रायगड मतदारसंघ झाला. पनवेल, उरण, कर्जत गेले मावळात, पिंपरी-चिंचवडच्या शेपटाला. पक्षाचा पट्टा मधोमध कापला गेला. दापोली-गुहागरात शेकाप नाही, पिंपरी-चिंचवडात शेकाप नाही. 'आकडेमोड' यांनी दोन खासदारांचा रस्ता दाखवला, तो इथे बंद झाला. २०१४ ला रमेश कदम उभे केले, लाखावर मतं आली, तिसरा क्रमांक. त्यानंतर रायगड लोकसभेत पक्षाची भूमिका पाठिंब्यापुरती राहिली.

विधानसभेतही तसंच. पनवेलचे दोन मतदारसंघ झाले, उरण वेगळा. शेकापचे विवेक पाटील उरणला गेले आणि २००९ ला जिंकले, पण शहरी पनवेल त्याच वर्षी काँग्रेसच्या प्रशांत ठाकूरांकडे गेलं आणि पुढे त्यांच्याबरोबर भाजपमध्ये. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल इथे राहायला आलेल्या माणसाला जासई ठाऊक नाही. त्याचा प्रश्न पाणी, मालमत्ता कर, रेल्वे. १ ऑक्टोबर २०१६ ला महापालिका झाली, मे २०१७ ला पहिली निवडणूक: ७८ पैकी भाजप ५१, शेकाप २३. तेवीस हा आकडा वाईट नाही. पण प्रभाग चार-चार जणांचे. गावठाणात घट्ट पकड असलेल्या पक्षाचं गावठाण चार सदस्यांच्या मोठ्या प्रभागात वसाहतींच्या मतांत विरघळतं. एकसदस्यीय प्रभागात हेच मतदान वेगळा निकाल देऊ शकलं असतं.

२०२४ चं उरण हे या सगळ्याचं सार. भाजपचे महेश बालदी पहिले, शेकापचे प्रीतम म्हात्रे दुसरे, उबाठाचे मनोहर भोईर तिसरे. दुसऱ्या-तिसऱ्याची बेरीज पहिल्यापेक्षा जास्त. दोघेही स्वतःला एकाच आघाडीचे म्हणवत होते.

पेणचं वेगळं सांगायला नको. धैर्यशील पाटील दोनदा शेकापकडून आमदार, २०२३ ला भाजपमध्ये, २०२४ ला राज्यसभेवर.

---

बावटा:

फॉर्मभरणी, पंधरा जागांचा मुद्दा डोळे उघडणारा आहे. मग मोठ्या पक्षाच्या चिन्हावर लढण्यात काय बिघडतं? काही छोटे पक्ष कमळावर लढलेच की.

आणि दुसरं: वर्धापनदिनाला 'आमचे इतके सरपंच' असं सांगतात. त्यावरून ताकद मोजता येते का?

---

फॉर्मभरणी:

दुसऱ्याच्या चिन्हावर निवडून आलेला माणूस कायद्याने त्या दुसऱ्या पक्षाचा आमदार असतो. त्या पक्षाचा व्हिप त्याला लागू, पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची लागू. तुमच्या पक्षाच्या खात्यात ना मत जमा होतं ना जागा. वर्धापनदिनाला त्याला व्यासपीठावर बसवता येईल, पण मान्यतेच्या हिशेबात तो शून्य. उलट स्वतःच्या पक्षाचा एकटा आमदार असला तर दुसरी जोखीम: विधिमंडळ पक्षाचे दोन-तृतीयांश म्हणजे तोच एकटा. त्याने विलीनीकरण म्हटलं तर अडवायला आत कोणी नाही, वाद घालत बसावं लागतं.

सरपंचांच्या आकड्यावर विसंबू नका. ग्रामपंचायत निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही. त्यामुळे कोणत्याही पक्षाच्या सरपंचांचा अधिकृत आकडा नसतो, एकाच सरपंचाला दोन पक्ष आपल्या यादीत धरतात. मोजायचं तर जिल्हा परिषद, पंचायत समिती, नगरपालिका मोजा, तिथे चिन्ह असतं. या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि तिथली नोंदणी वेगळी. भारत निवडणूक आयोगाकडे नोंद आहे म्हणून इथे आपोआप चालत नाही. एबी फॉर्म (पक्षाने अधिकृत उमेदवाराला दिलेलं पत्र) शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत, शाईच्या मूळ सहीने. शिक्का किंवा छापील सही चालत नाही. एका जागेसाठी दोघांना फॉर्म देऊन ठेवण्याची खोड सगळ्याच पक्षांत आहे. तसं केलं तर दुसरा फॉर्म देताना पहिला रद्द केल्याचं त्यात स्पष्ट लिहावं लागतं, नाहीतर कोण अधिकृत यावर छाननीत वाद होतो.

आणखी एक, नोंदणी टिकवण्याचं. वीस हजारांवरच्या देणग्यांचा अहवाल नमुना २४अ मध्ये दरवर्षी, लेखापरीक्षित हिशेब, निवडणूक लढवली असेल तर विधानसभेनंतर ७५ दिवसांत आणि लोकसभेनंतर ९० दिवसांत खर्चाचं विवरण. एका माणसाकडून दोन हजारांवर रोख घेतली तर पक्षाची आयकराची सूट अडचणीत येते. वर्धापनदिनाला गावोगावहून रोखीत वर्गणी गोळा होते, ती पावतीपुस्तकावर नावानिशी घ्या, एका नावावर दोन हजारांच्या आत. ऑगस्ट २०२५ मध्ये आयोगाने ३३४ अमान्यताप्राप्त पक्षांची नावं यादीतून काढली, २०१९ पासून एकही निवडणूक न लढवल्याबद्दल. शेकाप लढतो, त्याला तो धोका नाही. पण कागदांच्या बाबतीत आयोग आता ढिला राहिलेला नाही.

---

माणदेशी:

सांगोल्याबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून. गणपतराव अकरा वेळा एकाच मतदारसंघातून निवडून आले हे सगळे सांगतात. पडले कितीने हे कोणी सांगत नाही: १९९५ ला १९२ मतांनी. २०१९ ला ते उभे नव्हते, नातू अनिकेत पडले ७६८ मतांनी. २०२४ ला दुसरे नातू बाबासाहेब जिंकले, तेही तिरंगी लढतीत, शिंदेसेनेचे शहाजीबापू आणि उबाठाचे दीपक साळुंखे यांच्यात मतं विभागल्यावर. म्हणजे राज्यातला शेकापचा एकमेव आमदार अशा तालुक्यातून येतो जिथे पारडं दोनदा काही शे मतांवर फिरलंय.

त्यामुळे नऊ आमदारांचं सध्या बाजूला ठेवा. पुढच्या विधानसभेआधी पक्षाने एकच ठरवावं: पंधरा जागा लढवून समान चिन्ह घ्यायचं की चार जागा घेऊन आघाडीत बसायचं. २०२४ ला दोन्ही करायला गेले आणि उरणला ते दिसलं. ठरवायची वेळही सांगतो: १०बची खिडकी उघडण्याआधी. विधानसभेची मुदत २०२९ च्या अखेरीस संपते, म्हणजे त्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या आत. २ ऑगस्टच्या मेळाव्यात घोषणा करून तेव्हा ठरवायला बसले तर उशीर झालेला असेल.

---

अष्टागर:

पंधरा लढवायच्या झाल्या तर निदान त्यातल्या उरण, पेण, अलिबाग, पनवेलवर मित्रपक्षांशी आधी लेखी बोलणी हवी. बाकी अकरा कुठेही लढवा, अनामत गेली तरी प्रत्येकी दहा हजार. एक षष्ठांश मतं न मिळाल्यास अनामत जप्त होते. अकरा अनामती म्हणजे एक लाख दहा हजार. समान चिन्हाची ही किंमत एका वर्धापनदिनाच्या मांडवापेक्षा कमीच आहे.